अडलेला प्लग परत बसवताना

काढलेला स्पार्क प्लग परत बसेना, तर दोष बहुधा प्लगचा नसतो. आटा तिरका लागलेला असतो. १९८३ साली आलेल्या तीन सिलिंडरच्या मारुती ८०० सह आजच्या बहुतेक मोटारींचे सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे पोलादी प्लगपेक्षा मऊ. जोर लावला की प्लग शाबूत राहतो आणि हेडचे आटे जातात.

भोपाळच्या आनंद नगरात घरापुढे हे काम करायचे, तर इंजिन पूर्ण गार हवे. उन्हाळ्यात सकाळच बरी. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा खोचून तो भोकात सोडावा आणि आधी उलटा फिरवावा. आट्यांची तोंडे जुळली की बारीकसा ‘टक्’ बोटांना जाणवतो. तिथून सुलटा. आटा चुकला तर नळी प्लगवर नुसती घसरते, जोर लागूच देत नाही. मग प्लग काढून पुन्हा सुरुवात करावी.

वॉशर टेकेपर्यंत पान्याला हात लावू नये. त्यानंतर नव्या प्लगला सुमारे अर्धा फेरा पुरतो. जुन्याला बराच कमी, कारण त्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो.

गेलेले आटे नुसत्या पान्याने परत येत नाहीत. वर्कशॉपमध्येच नवे पाडून घ्यावे लागतात.