सरकारचे वकील, घटनेचे भाष्यकार

मुंबईचे एच. एम. सीरवई पंचवीस वर्षांच्या खासगी वकिलीनंतर १९५७ मध्ये राज्याचे महाधिवक्ता झाले आणि १९७४ पर्यंत त्या पदावर राहिले. घटनेच्या १६५व्या अनुच्छेदानुसार महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच ते पद टिकते. प्रत्यक्षात मर्जी चालते ती मंत्रिमंडळाची. सीरवईंच्या काळात द्वैभाषिक राज्य जाऊन महाराष्ट्र आला. मुख्यमंत्रिपदी यशवंतराव चव्हाणांनंतर कन्नमवार आले, त्यांच्यानंतर वसंतराव नाईक. महाधिवक्ता मात्र तेच राहिले.

त्यांची घडण झाली सर जमशेदजी कांगांच्या चेंबरमध्ये. १९३२ मध्ये वकिली सुरू करून ते तिथे दाखल झाले. कांगांनीही मुंबईच्या ॲडव्होकेट जनरलचे पद सांभाळले होते. याच चेंबरमध्ये पुढे नानी पालखीवाला आले. दोघेही मुंबईचे, दोघेही पारशी, गुरू एकच. केशवानंद भारती खटल्यात हे दोघे समोरासमोर उभे राहिले.

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींपुढे ३१ ऑक्टोबर १९७२ पासून ६८ दिवस युक्तिवाद चालला. पालखीवाला याचिकाकर्त्यांतर्फे, सीरवई केरळ सरकारतर्फे. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कोणत्याही गर्भित मर्यादा नाहीत, अशी सीरवईंची मांडणी होती. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी निकाल लागला आणि घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेला हात लावता येणार नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. सीरवई हरले.

सरकारी वकील म्हटला की तो सरकार सांगेल ते बोलणारा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सीरवईंना ती लागू होत नाही. संसदेच्या अधिकाराबद्दल ते कोर्टात जे बोलले, ते त्यांचे स्वतःचे मत होते. त्यांचा घटनेवरील इंग्रजी भाष्यग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, मूलभूत हक्कांना घटनादुरुस्तीनेही धक्का लावता येत नाही असे सांगणारा गोलकनाथ निकाल आला. त्यावर सीरवईंनी कडाडून टीका केली. पदावर असताना असा ग्रंथ लिहायचा आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाचे निकाल नावानिशी तपासायचे, याला विद्वत्तेइतकीच छातीही लागते. सरकारने त्यांना १९७२ मध्ये पद्मविभूषण दिले.

मग आणीबाणी आली. स्थानबद्धांना हायकोर्टाचे दार ठोठावता येते, असे मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार बंद केले. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. सीरवई तेव्हा महाधिवक्ता नव्हते. या निकालाची चिरफाड करणारे स्वतंत्र पुस्तक त्यांनी १९७८ मध्ये काढले.

मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो यानंतरचा. केशवानंदमध्ये ज्या तत्त्वाविरुद्ध ते लढले, ते मूलभूत चौकटीचे तत्त्व त्यांनी ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत मान्य केले. सरकारची बाजू वर्षानुवर्षे लढवलेला माणूस, आपले गाजलेले मत बदलले असे छापून सांगतो, आणि तेही कोणी भाग पाडलेले नसताना. खासगी वकिलाला पुढच्या अशिलासाठी उलट बाजू मांडण्याची मुभा असते. सीरवईंपुढे तेव्हा अशीलच नव्हता.

चौथ्या आवृत्तीवर ते अखेरपर्यंत काम करत होते. २५ जानेवारी १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. तीन खंडांचा तो ग्रंथ वकील आजही कोर्टात उघडतात. केशवानंदमध्ये मांडलेली बाजू आणि नंतर पटलेली बाजू, दोन्ही त्याच्या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचता येतात.