घरातील लहान फिशटँक : आधी पाणी मोजा, मग मासा निवडा

काही वर्षांपूर्वी आमच्या कापड दुकानात गादीशेजारी मी काचेचा गोल वाडगा ठेवला. त्यात चार गोल्डफिश सोडले. मे महिना होता. रोज सगळे पाणी बदलायचो, तरी दहा दिवसांत चारही मेले. नातवाने विचारले, "अब्बाजान, आपण यांना काय केले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे चौकशी केली तेव्हा समजले की चूक माशांची नव्हती, सौद्याची होती. मी आधी मासा पसंत केला आणि पाण्याचा विचार मागाहून केला.

आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंना हा शौक आहे. दुकानात फिशटँक असला की ग्राहकांची मुले रमतात. पण पैसे वाया जाऊ नयेत आणि मुक्या जिवाचे हाल होऊ नयेत म्हणून हिशेब समजून घ्यावा.

पहिला हिशेब मापाचा

आंधळगावचा कोसा विणकर ताणा मोजल्याशिवाय मागावर बसत नाही. तसेच येथे करावे. टँकची लांबी, रुंदी व उंची इंचांत मोजून गुणाकार करा आणि 61 ने भागा, म्हणजे लिटर निघतात. 18 इंच लांब, 10 इंच रुंद व 12 इंच उंच टँक म्हणजे 2160 घन इंच, अर्थात सुमारे 35 लिटर. खडी व वरची मोकळी जागा वजा करता हाती 28 ते 30 लिटर पाणी राहते. पाच-सात लिटरच्या गोल वाडग्यात तर मासा ठेवूच नये.

दुसरी गोष्ट, दुकानातला मासा बहुधा पिल्लू असतो. कापड पाण्यात गेले की आटते, मासा मात्र पाण्यात वाढतो. म्हणून आज किती आहे ते न पाहता पुढे किती होईल ते विचारा.

कोणते मासे नकोत

गोल्डफिश सहा-आठ इंच होतो, घाण पुष्कळ करतो आणि त्याला थंड पाणी मानवते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना तो 7 च्या आसपास उरतो. माझे मासे त्यामुळेच वर येऊन तोंड उघडत होते.

'शार्क' म्हणून जो चंदेरी मासा विकतात तो समुद्रातला शार्क नाही. मासळी बाजारात कापून विकला जाणारा पंगस तो हाच. तो तीन फुटांपर्यंत वाढतो. काच चाटणारा 'सकर' फूट-दीड फुटाचा होतो, ऑस्कर फूटभर. हे लहान टँकचे मासे नव्हेत.

कोणते घ्यावेत

गप्पी : डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप विभाग पाण्यात सोडतो, तोच हा मासा. फिशटँकमध्ये त्याच्याच रंगीत जाती असतात. दीड-दोन इंचांचा, उष्णता सोसणारा. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो, ते जड पाणीही त्याला चालते. मात्र मादी साधारण दर महिन्याला पिल्ले देते. तेव्हा फक्त नर घ्यावेत. 30 लिटरला सहा-आठ नर पुरेत.

फायटर : हा मरळ-मागूरप्रमाणे पाण्यावर येऊन हवा घेऊ शकतो. वीज जाऊन पंप बंद पडला तरी काही काळ निभावतो. दोन नर एकत्र ठेवले की झुंज ठरलेली, म्हणून टँकमध्ये एकच ठेवावा. लांब शेपटीच्या गप्पींसोबतही नको.

झेब्रा : मूळ आपल्या देशातलाच, दोन इंचांच्या आतला. कळपाने राहतो, म्हणून सहापेक्षा कमी घेऊ नयेत. पळायला जागा लागते, त्यासाठी 24 इंच लांबीचा टँक बरा. उड्या मारतो, तेव्हा वर झाकण हवे.

यांपैकी एकच प्रकार निवडावा. प्रत्येकातले दोन-दोन घेण्याचा मोह टाळावा.

मासे आणण्याआधी महिनाभर

माशांच्या विष्ठेतून व श्वासातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे उपयोगी जंतू त्याचे कमी घातक क्षारांत रूपांतर करतात. हे जंतू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टँक भरून फिल्टर सुरू करा, पाण्यात रोज चिमूटभर खाद्य टाका आणि थांबा. कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज मिळाला तर काम लवकर होते. नंतर आधी दोन-तीन मासे सोडा, बाकीचे पंधरा दिवसांनी.

पुढे आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी बादलीत दिवसभर उघडे ठेवून वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जाते. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळा. नळाच्या पाण्याने धुतला तर जंतू मरतात. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्या.

शेवटची विनंती

मासा मोठा झाला म्हणून पुष्कळ लोक त्याला नेऊन तलावात सोडतात आणि त्याला जीवदान समजतात. बंधूंनो, असे करू नका. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. जुन्या मालगुजारी तलावांवर, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ढिवर बांधवांची रोजी चालते. उजनी धरणात सकर मासा शिरल्याने मच्छीमारांची जाळी फाटतात, ही तक्रार जुनी आहे. थाई मागूर देशी मासे फस्त करतो, म्हणून 2000 साली केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली. आपल्या चार दिवसांच्या शौकाची किंमत दुसऱ्याच्या जाळ्याने का मोजावी? मासा जड झाला तर विकणाऱ्याला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्याला द्या.

आज आमच्या गादीशेजारी दोन फुटी टँक आहे. त्यात आठ झेब्रे आहेत. ग्राहक विचारतात, "शेटजी, एवढ्या मोठ्या टँकमध्ये एवढेसेच मासे?" मी सांगतो, एवढेच आहेत म्हणून तर जिवंत आहेत.