टक्कर टाळणाऱ्या यंत्राचे मौन

२९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या जंगलावर ३७,००० फूट उंचीवरून समोरासमोर येणारी दोन विमाने एकमेकांना घासून गेली. एक होते गोल या कंपनीचे बोईंग ७३७ प्रवासी विमान; दुसरे एम्ब्रेअर बनावटीचे, कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले लेगसी हे छोटे जेट. बोईंग जंगलात कोसळले आणि त्यातील सर्व १५४ जण मृत्युमुखी पडले. पंखाचे टोक गमावलेले लेगसी एका लष्करी धावपट्टीवर उतरले व त्यातील सातही जण वाचले. दोन्ही विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा, म्हणजेच टीकॅस, बसवलेली होती. तरीही दोन्ही कॉकपिटमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत इशारा उमटला नाही.

चौकशीत कारण स्पष्ट झाले. लेगसीचा ट्रान्सपाँडर टक्कर होण्यापूर्वी सुमारे ५५ मिनिटे मूक झाला होता. त्याची कळ अनवधानाने 'स्टँडबाय'वर गेली असावी, कारण नंतरच्या चाचण्यांत यंत्रात दोष सापडला नाही. वैमानिकांसमोरच्या पडद्यावर 'टीकॅस ऑफ' अशी पांढरी अक्षरे होती. ती लुकलुकत नव्हती आणि सोबत आवाजही नव्हता. बिघाड झाला तर तो डोळ्यांना आणि कानांनाही जाणवला पाहिजे, अशी शिफारस अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढे केली.

यंत्रणेचे काम समजून घेतले की तिचे हे मौन इतके घातक का, ते उमगते. टीकॅस हे रडार नव्हे. आजूबाजूला कोण आहे, असा प्रश्न ते १०३० मेगाहर्ट्झवर रेडिओलहरींनी विचारते आणि इतर विमानांचे ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतात. उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते, कारण रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. उंची मात्र मोजली जात नाही. समोरचे विमान जी सांगेल ती खरी मानली जाते. गाठ पडायला साधारण २० ते ४८ सेकंद उरले की 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' अशी सूचना मिळते, आणि १५ ते ३५ सेकंद उरले की 'क्लाइंब' किंवा 'डिसेंड' असा आदेश. दोन्ही विमानांत यंत्रणा असेल, तर त्या आपसांत बोलून परस्परविरुद्ध आदेश देतात: एकाला वर, दुसऱ्याला खाली. ज्याचा ट्रान्सपाँडर गप्प, ते विमान या जगात अस्तित्वातच नसते.

आपल्या देशात ही यंत्रणा सक्तीची होण्यामागे १२ नोव्हेंबर १९९६ चा अपघात आहे. हरयाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची टक्कर झाली व ३४९ जीव गेले. त्या विमानांत ही यंत्रणा नव्हती. आज दाबोळी किंवा मोपाहून उडणाऱ्या प्रत्येक प्रवासी जेटमध्ये ती असते. आता प्रश्न उरतो तो ती खरोखर जागी आहे ना, हे तपासण्याचा.

उड्डाणापूर्वी वैमानिक चाचणीची कळ दाबतात आणि 'टीकॅस सिस्टिम टेस्ट ओके' असे यंत्र म्हणते. प्रवाशाला दिलासा द्यायला हे पुरेसे असेल, तंत्रज्ञाला नाही. या चाचणीत संगणक स्वतःचे मंडल तपासतो आणि जोडलेल्या साधनांची ख्यालीखुशाली विचारतो. अँटेनातून लहर हव्या त्या जोमाने बाहेर पडते का आणि समोरून आलेली दिशा बरोबर वाचली जाते का, हे ठरवायला विमानाबाहेर चाचणी उपकरण ठेवून, जणू एखादे विमान जवळ येत आहे असा आभास निर्माण करावा लागतो.

नोंदवहीत 'टीकॅस फेल' अशी नोंद आली की मुख्य पेटीच बदलण्याचा मोह होतो. तिथेच बराच वेळ आणि पैसा वाया जातो, कारण दोष पुष्कळदा पेटीबाहेर असतो. पेटी कार्यशाळेत जाते, मेजावर निर्दोष ठरते आणि परत येते. विमानात बिघाड तसाच राहतो. अनुभवी तंत्रज्ञ आधी पुरवठादारांकडे पाहतो: रेडिओ उंचीमापक, दिशादर्शक, ट्रान्सपाँडर. विमानात ट्रान्सपाँडर दोन असतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर गेल्यावर तक्रार नाहीशी झाली, तर संशयाची सुई पहिल्याकडे किंवा त्याला उंची पुरवणाऱ्या साधनाकडे वळते. एवढी साधी युक्ती अनेक तासांचे काम वाचवते.

मग अँटेनाची पाळी. विमानाच्या पाठीवरच्या अँटेनात चार घटक असतात आणि त्यांना चार केबली जातात. त्यांतल्या दोन अदलाबदल झाल्या, तर यंत्र चालते, अंतर व उंचीही बरोबर दाखवते. पण डावीकडचे विमान उजवीकडे दिसते. वर-खाली जाण्याचा आदेश दिशेवर अवलंबून नसतो, तरी खिडकीतून भलत्याच बाजूला शोधणारा वैमानिक गोंधळतो. जोडणीत पाणी शिरणे, गंज चढणे, सीलंटला भेग पडणे हे दोष तर नेहमीचेच, आणि पावसाळ्यात व खाऱ्या हवेत ते अधिक. असा दोष बऱ्याचदा वरच्या थंडीत, कंपनात प्रकटतो आणि जमिनीवर दडून बसतो. म्हणून बिघाड कोणत्या उंचीवर आणि कोणत्या वळणावर आला, हे वैमानिकाने नीट लिहिलेले दोन शब्द कोणत्याही मीटरइतकेच मोलाचे ठरतात.

चुकीची उंची हा सर्वांत फसवा दोष. विमानाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून हवेचा दाब घेतला जातो आणि त्यावरून उंची ठरते. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोईंग ७५७ विमानाची ही छिद्रे धुलाईच्या वेळी चिकटपट्टीने झाकली गेली आणि पट्टी तशीच राहिली. गोंधळलेल्या वैमानिकांनी नियंत्रकाला उंची विचारली. त्याच्या पडद्यावर सुमारे ९,७०० फूट दिसत होते, पण तो आकडा त्याच बिघडलेल्या साधनातून, ट्रान्सपाँडरमार्गे आलेला होता. विमान समुद्रावर आदळले आणि ७० जण गेले. टक्कर टाळणारी यंत्रणाही याच आकड्यावर विसंबते. माझ्या विमानाने चुकीची उंची सांगितली, तर समोरच्या निरोगी विमानालाही चुकीचा आदेश मिळू शकतो.

याच्या उलट एक धोका दुरुस्तीतूनच उद्भवतो. उंचीमापक तपासताना तंत्रज्ञ पंपाने नळ्यांतला दाब कमी करतो आणि विमान हँगरात उभे असतानाच दहा हजार फुटांवर 'चढते'. ट्रान्सपाँडर चालू असेल तर तो हीच खोटी उंची आकाशात सांगू लागतो. त्याच वेळी वरून दहा हजार फुटांवर जाणाऱ्या विमानाच्या दृष्टीने तीनेक किलोमीटरवर, नेमके आपल्याच उंचीवर, कोणीतरी अकस्मात अवतरलेले असते. वैमानिक आदेश पाळून विमान वर खेचतो किंवा खाली दाबतो, आणि तिथे खरेच दुसरे विमान असले तर? असे खोटे इशारे प्रत्यक्षात मिळाले आहेत. त्यामुळे अशा चाचणीत अँटेनावर लहरी शोषणारे आवरण घालतात किंवा केबल थेट चाचणी उपकरणाला जोडतात, नियंत्रण कक्षाला आधी कळवतात आणि काम संपताच ट्रान्सपाँडर बंद करतात. हँगरातल्या घाईत यातली एखादी पायरी गळते, हे मात्र कोणत्याही स्वयंचाचणीत दिसत नाही.

टीकॅस नादुरुस्त असताना विमान जमिनीवरच ठेवले जाते असे नाही. ठरावीक दिवसांच्या मुदतीत, नोंद करून, उड्डाणाची परवानगी मिळते. त्यामागे तर्क आहे: स्वतःला दिसेनासे झाले तरी ट्रान्सपाँडर उत्तर देत असेपर्यंत इतरांच्या यंत्रणांना ते विमान दिसत राहते आणि निदान एक बाजू बाजूला होऊ शकते. ट्रान्सपाँडरच गेला, तर हा आधारही जातो. ॲमेझॉनवर नेमके हेच घडले, आणि नव्याकोऱ्या बोईंगची निर्दोष यंत्रणा रिकामे आकाश दाखवत राहिली.