रक्ताच्या थेंबात स्वमग्नता दिसेल का?



मूल दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही, आलेले शब्दही बोलेनासे होते. घरातली वडीलधारी म्हणतात, "बोलेल उशिरा." पण असे मूल स्वमग्न असू शकते. डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. रक्ताच्या थेंबावरून त्याचे निदान व्हावे, म्हणून शास्त्रज्ञ अतिसूक्ष्म जैवसंवेदक तयार करीत आहेत.

जैवसंवेदक आपल्याला अगदीच नवा नाही. मधुमेहाची साखर तपासण्याची पट्टी हा जैवसंवेदकच होय. पट्टीवरील विकराची रक्तातील साखरेशी क्रिया होते, त्यातून अल्पसा विद्युतप्रवाह निर्माण होतो व यंत्रावर आकडा उमटतो. नव्या संवेदकांत सोन्याचे किंवा कार्बनचे नॅनोकण वापरतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! अशा कणांवर ठरावीक प्रथिन पकडणारी प्रतिद्रव्ये बसविली, की रक्तातील त्याचा अत्यल्प अंशही हाती लागतो.

मग अडचण कोठे आहे? नेमके पकडायचे काय, हेच अजून ठरलेले नाही. काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सिरोटोनिन जास्त असते, हे १९६१ सालीच आढळले. पण सर्वांच्या रक्तात ते तसे नसते. पिकाचे पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी, असे आपण म्हणत नाही. कधी लोह कमी असते, कधी मुळाशी पाणी साचलेले असते. येथेही तसेच आहे.

म्हणून आज केवळ रक्त तपासून स्वमग्नतेचे निदान होत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नयेत. निदान होते ते मुलाचे वागणे, खेळणे व बोलणे पाहून.

शंका आल्यास प्रथम मुलाची श्रवणशक्ती तपासून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्यांना मूल दाखवावे व जिल्ह्याच्या शीघ्र निदान व त्वरित उपचार केंद्रात पाठविण्यास सांगावे. आईला बोल लावू नये. यात तिचा दोष नसतो. पेरणीचा वाफसा साधावा लागतो, तशीच मुलाची पहिली वर्षे साधावी लागतात. नव्या पट्टीची वाट पाहत ती दवडू नयेत.