मनाची तब्येत – भाग 6 : रिपोर्ट नॉर्मल, माणूस बरा नाही

मागच्या भागात चिंता पाहिली, आता नैराश्य. ते ओळखायचं म्हटलं की आपण रडणारा, तोंड पाडून बसलेला माणूस शोधतो आणि तिथेच फसतो.

‘मन उदास आहे’ असं सांगायला आपल्याकडे सहसा कुणी फॅमिली डॉक्टरकडे जात नाही. ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड असतं’, ‘झोप लागत नाही’ म्हणून जातात. रक्त तपासलं जातं. ते तपासायलाच हवं; थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन किंवा बी-12 कमी झालं तरी असाच थकवा येतो. पण रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे म्हणतात, ‘काही झालेलं नाही, नुसती नाटकं.’ दुखण्याइतकंच हे वाक्यही माणसाला खचवतं.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने नेमकं इथेच काम केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या रुग्णांना त्यांनी मनाविषयीही प्रश्न विचारले आणि गरज दिसली तिथे, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांशी गाठ घालून दिली. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : सरकारी केंद्रांत बरं होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं.

विचारायचं काय? मुख्य प्रश्न दोनच. गेले दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असतं का? आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी गेली आहे का? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त उपयोगी, कारण त्याचं उत्तर घरच्यांनाही दिसतं. भजनी मंडळ सुटलं, कुंड्या सुकल्या, क्रिकेटची मॅच लागली तरी नजर भिंतीकडे. या दोहोंपैकी एक तरी असेल आणि जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींतला मंदपणा किंवा अस्वस्थता, ‘माझा सगळ्यांना भार’ ही भावना, मरणाचे विचार, अशी एकूण पाच लक्षणं जमली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर निदानासाठी डॉक्टरांकडे जावं.

पुरुषांत हे अनेकदा चिडचिडीच्या किंवा वाढलेल्या दारूच्या रूपात दिसतं. वृद्धांत विसरभोळेपणा दिसतो आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. स्वतःचं ओळखणं तर सगळ्यात अवघड. आपण आजारी नसून आळशी आहोत, हे हा आजारच पटवून देत असतो. म्हणून शंका आली तर जवळच्या एकाला तरी विचारा, ‘मी बदललोय का?’

मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे, रात्रीही चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.