वायरमनसमोर गाडी शहाणी होते

सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. दुसऱ्यांदा मारला की गाडी चालू. वायरमनकडे नेली तर प्रत्येक वेळी पहिल्या झटक्यात सुरू! आमच्या १९९७ च्या कार्बोरेटरवाल्या गाडीने एक अख्खा पावसाळा हा खेळ केला. सल्ल्यांना अर्थातच तोटा नव्हता.

'बॅटरी गेली, बदलून टाका.' बदलली. आठवड्याने पुन्हा 'टक्'. खरं तर मीटर दोन मिनिटांत निवाडा देतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२ च्या खाली असेल तर उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले की अल्टरनेटरही काम करतोय. हे आधी बघितलं असतं तर नव्या बॅटरीचे पैसे वाचले असते.

'मीटर वाजला, म्हणजे वायर चांगली.' सगळ्यात जास्त फसवतो तो हा समज. मीटरचा बझर वाजायला नाममात्र करंट पुरतो. वायरीतल्या वीस तारांपैकी एक शाबूत असली तरी तो खुशाल वाजतो. पण ५५ वॅटच्या हेडलाइटला साडेचार अँपिअर लागतात आणि सेल्फला शंभरच्या घरात. जोडात ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी शंभर अँपिअरला तिथेच एक व्होल्ट खर्ची पडतो, आणि एवढा बारीक अडथळा साध्या मीटरला दिसतच नाही. म्हणून जोड तपासायचा तो भार टाकून. मीटर व्होल्टवर ठेवून लाल टोक इंजिनच्या ब्लॉकला लावावं, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. खांबालाच, क्लॅम्पला नाही, कारण त्या दोघांमधला जोडही संशयित असतो. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक. आमच्याकडे जवळजवळ तीन आले, तेही ओल्या सकाळी, पहिल्याच सेल्फला. वायरमनकडे पोचेपर्यंत इंजिन तापून, हादरे खाऊन जोड पुन्हा टेकायचा.

चोर होती इंजिनची अर्थिंगची पट्टी. वरून चकचकीत, पण बोल्ट काढल्यावर लगच्या खाली हिरवट भुकटी. पॉलिश पेपरने घासली, घट्ट आवळली, वरून व्हॅसलीन लावलं. अर्थ तुटला की करंट दुसरी वाट शोधतो. चोक किंवा ॲक्सिलरेटरची केबल विनाकारण गरम लागली, तर आधी इथेच बघावं.

'चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढा, बंद पडली तर अल्टरनेटर गेला.' ही डायनमोच्या काळातली युक्ती. अल्टरनेटरवरचा भार असा एकदम सुटला की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर किंवा नंतरच्या गाड्यांमधला ईसीएम जाऊ शकतो.

'फ्यूज सारखा उडतोय, मोठा घाला.' फ्यूज वायर वाचवायला असतो. १० च्या जागी ३० घातला तर वायरच फ्यूज बनते, आणि ती डॅशबोर्डच्या मागे जळते. त्याऐवजी त्या लाइनवरचे दिवे, हॉर्न सगळं बंद करून फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेपर्यंत तो लखलखीत पेटतो. मग वायरिंग वीतभर-वीतभर हलवत जायचं. ज्या जागी हात लागताच बल्ब विझेल, तिथली टेप सोडून बघायची.