छातीचा एक्स-रे म्हणजे बाळासाठी किती किलोमीटर?

दिवस गेलेले, खोकला हटत नाही, डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे लिहून दिला. झालं! घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. बाळाला काही होणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. पण उत्तरातले आकडे असे आहेत की तोंडात बोट जावं. चला, मोजूया!

गर्भापर्यंत पोचलेले किरण मिलिग्रेमध्ये मोजतात. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली स्पष्ट सांगितलं की, शंभर मिलिग्रेच्या आतल्या मात्रेसाठी गर्भपात करण्याचं कारण नाही. आता हे शंभर मिलिग्रे रुळांवर मांडू. सीएसएमटी म्हणजे शून्य, पुणे म्हणजे शंभर. रेल्वेने अंतर १९२ किलोमीटर. म्हणजे एका मिलिग्रेला दोन किलोमीटरला थोडं कमी. बसा गाडीत!

दाताचा एक्स-रे काढला. हाताचा काढला. गाडी किती हलली? दोन मीटरसुद्धा नाही! छातीचा काढला, तर जास्तीत जास्त १९ मीटर. गाडीचा एक डबा याहून लांब असतो. झोत छातीवर रोखलेला असतो, पोटापर्यंत पोचतात ते इकडेतिकडे विखुरलेले थोडे किरण. छातीचा सीटी स्कॅन केला तरी फार तर मशीद बंदर!

बरं, हट्टालाच पेटलो आणि नऊ महिने रोज एक छातीचा एक्स-रे काढला तर? २८० एक्स-रे. गाडी कुठे? चिंचपोकळीला! निम्मी वाट, म्हणजे पन्नास मिलिग्रे, गाठायची तर पाच हजार एक्स-रे हवेत. रोज अठरा, रविवारीसुद्धा सुट्टी नाही. एका एक्स-रेला तीनशे रुपये धरले तरी पंधरा लाखांचा चुराडा, आणि कर्जत अजून चार किलोमीटर पुढेच. पुणं गाठायला दहा हजार!

आणखी गंमत म्हणजे एकही एक्स-रे न काढता गाडी चालतेच. माती, दगडी भिंती, आकाशातून येणारे किरण, रोजचं अन्न या सगळ्यांतून नऊ महिन्यांत गर्भाला अर्धा ते एक मिलिग्रे मिळतोच. घरी बसल्या बसल्या सँडहर्स्ट रोड दिसायला लागतं! आईच्या शरीरातल्या पोटॅशियमचाच हिशोब पाहा. त्यातले तीन हजारांवर किरणोत्सारी अणू दर सेकंदाला फुटतात. दिवसाला पंचवीस कोटींहून जास्त. २८० दिवसांत सात हजार कोटींहून जास्त! केरळात कोल्लमच्या किनाऱ्यावरच्या वाळूत तर थोरियम आहे. काही जागी वर्षाला सत्तर मिलिग्रेपर्यंत मोजलंय. त्या पट्ट्यात आणि आसपास १९९५ पासून एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. जास्त किरणांच्या भागात जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

आता लांबच्या गाड्या. पोटाचा साधा एक्स-रे जास्तीत जास्त तीन मिलिग्रे, म्हणजे करी रोडच्या अलीकडे. कमरेच्या मणक्याचा दहापर्यंत, थेट घाटकोपर. पोटाचा सीटी स्कॅन पस्तीसपर्यंत, बदलापूर. ओटीपोटाचा पन्नासपर्यंत, कर्जतच्या उंबरठ्यावर. पन्नासपर्यंत व्यंगाचा किंवा गर्भपाताचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. पुढे मात्र घाट लागतो, आणि तिथे कितवा आठवडा आहे हे फार महत्त्वाचं. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात बाळाचा मेंदू सर्वांत नाजूक असतो. म्हणून लांबच्या तपासण्या डॉक्टर तोलूनमापून करतात, आणि सोनोग्राफीने भागत असेल तर तीच करतात.

आयोगाचं कोष्टक पाहा. एकही एक्स-रे काढला नाही, तरी शंभरात ९७ बाळं व्यंगाशिवाय जन्मतात. पन्नास मिलिग्रेनंतर? तेव्हाही ९७! बालपणी कर्करोग न होण्याची शक्यता एक्स-रेविना ९९.७ टक्के, दहा मिलिग्रेला ९९.६, आणि अख्खं पुणं गाठलं तरी ९९.१. फरक आहे, शून्य नाही. पण किती बारीक!

आता या प्रवासातला सर्वांत मोठा आकडा. १९८६, चेर्नोबिलचा स्फोट. तिथून हजाराहून जास्त किलोमीटर दूर ग्रीसमध्ये घबराट पसरली. लोकांना मिळणारी मात्रा सरासरी एक मिलिग्रेच्या आतबाहेर, म्हणजे सँडहर्स्ट रोडच्या आसपास. पुढच्या वर्षी तिथल्या संशोधकांनी जन्मांची नोंद तपासून अंदाज मांडला, की सुरुवातीच्या दिवसांतल्या गर्भांपैकी २३ टक्के पाडले गेले. हवेहवेसे असे सुमारे अडीच हजार गर्भ! जेमतेम दोन किलोमीटरच्या मात्रेसाठी लोक घाबरून थेट पुण्यापलीकडे पोचले होते.

तेव्हा एक्स-रेच्या खोलीत शिरण्याआधी दिवस गेल्याचं जरूर सांगा. पोटाची तपासणी असेल तर ‘किती मिलिग्रे?’ असंही बेधडक विचारा. आणि न्यूमोनियाच्या शंकेने छातीचा एक्स-रे सांगितला असेल तर काढून घ्या. न्यूमोनिया अंगावर काढणं आईलाही महागात पडतं आणि बाळालाही, आणि एक्स-रे टाळून वाचवायचे किती? फार तर एकोणीस मीटर!